युग्मित दोलकांची गतिसमीकरणे: न्यूटनची पद्धत निवडावी की लाग्रांजची?

दोन दोलक एकमेकांना जोडले की एकाचे त्वरण दुसऱ्याच्या स्थितीवर अवलंबून राहू लागते आणि गतीची समीकरणे कोणत्या मार्गाने मांडावीत हा प्रश्न उभा राहतो. बलांचा हिशेब करणारी न्यूटनची पद्धत आणि ऊर्जेपासून सुरुवात करणारी लाग्रांजची पद्धत या दोन्हींनी समीकरणे तीच मिळतात. मात्र चूक कुठे होण्याचा संभव आहे हे दोन्हींत वेगळे असते, आणि माझ्या मते निवड त्यावरूनच करावी.

नेहमीचे उदाहरण घेऊ. म वस्तुमानाचे दोन ठोकळे घर्षणरहित पृष्ठभागावर एका रेषेत आहेत. प्रत्येक ठोकळा आपल्या बाजूच्या भिंतीला क बलस्थिरांकाच्या स्प्रिंगने जोडला आहे आणि दोघांच्या मध्ये ख बलस्थिरांकाची स्प्रिंग आहे. समतोल स्थितीपासून मोजलेली विस्थापने क्ष आणि य मानली, तर न्यूटनच्या नियमानुसार पहिल्या ठोकळ्यावरील बल −क·क्ष + ख(य − क्ष) आणि दुसऱ्यावरील बल −क·य − ख(य − क्ष) येते. विद्यार्थ्यांची गफलत होते ती मधल्या स्प्रिंगच्या चिन्हात. ती टाळण्यासाठी दुसरा ठोकळा मनातल्या मनात धरून ठेवावा आणि पहिला उजवीकडे थोडा सरकवावा: पहिल्यावर −(क + ख)क्ष इतके, म्हणजे डावीकडे ओढणारे बल यायला हवे, तर दुसऱ्यावर उजवीकडे ढकलणारे ख·क्ष.

लाग्रांजच्या पद्धतीत ही अडचण मुळातच येत नाही. स्थितिज ऊर्जा ½क·क्ष² + ½ख(य − क्ष)² + ½क·य² अशी लिहिली जाते. मधल्या पदाचा वर्ग असल्याने वजाबाकी कोणत्या क्रमाने केली याने काहीच बिघडत नाही, आणि योग्य चिन्हे विकलन करताना आपोआप पडतात. तरीही एवढ्या साध्या रचनेसाठी मी न्यूटनचीच पद्धत सुचवेन. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की क्ष + य साठी कोनीय वारंवारतेचा वर्ग क/म मिळतो, वजाबाकी केली की य − क्ष साठी (क + २ख)/म मिळतो, आणि पहिल्या नॉर्मल मोडमध्ये (म्हणजे सगळे भाग एकाच वारंवारतेने हलतात अशा दोलनात; इथे दोन्ही ठोकळे एकाच दिशेने सारखेच सरकतात) मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही, म्हणून ख तिथे दिसत नाही, हे बलांकडे पाहता पाहताच कळते.

दुहेरी लंबकाकडे, म्हणजे एका लंबकाच्या गोळ्याला टांगलेल्या दुसऱ्या लंबकाकडे, वळले की पारडे फिरते. समान लांबीच्या दोन दोऱ्या आणि समान वस्तुमानाचे दोन गोळे घेतले, तर न्यूटनच्या मार्गाने दोन्ही दोऱ्यांतले ताण अज्ञात म्हणून मांडावे लागतात आणि शेवटी ते काढून टाकण्यातच बराच वेळ जातो. लाग्रांजच्या पद्धतीत ताण कुठेच येत नाहीत. दोन कोन आणि दोन ऊर्जा एवढ्यावर काम भागते, आणि लघुकोनांसाठी वारंवारतांचे वर्ग (२ ± √२)ग/ल असे मिळतात, जिथे ल ही प्रत्येक दोरीची लांबी आणि ग हे गुरुत्वत्वरण.

इथे मात्र लाग्रांजच्या पद्धतीचा स्वतःचा सापळा आहे. स्थितिज ऊर्जेत कोसाइनऐवजी सरळ १ लिहिले, तर पुनर्स्थापक बलच नाहीसे होते. तिथे १ − θ²/२ एवढे ठेवावेच लागते, जिथे θ हा दोरीने उभ्या रेषेशी केलेला कोन. गतिज ऊर्जेतील कोनांच्या फरकाच्या कोसाइनसाठी मात्र १ पुरेसे आहे, कारण तो ज्या कोनीय वेगांच्या गुणाकाराला जोडलेला असतो तो आधीच दुसऱ्या घाताचा असतो. नियम एकच, ऊर्जा दुसऱ्या घातापर्यंत अचूक ठेवायची. पण एकाच गणितात तो दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लागू होतो, हे पाठ्यपुस्तकांनी अधिक ठळकपणे सांगायला हवे.

१७८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लाग्रांज यांनी एकही आकृती दिली नाही. शिकणाऱ्याने ते अनुकरण करू नये. निर्देशांक कुठून मोजले हे आकृतीशिवाय निसटते.

अवमंदन, म्हणजे रोधामुळे दोलने हळूहळू कमी होणे, असेल तर निर्णय सोपा आहे. वेगाच्या प्रमाणातील रोधबल न्यूटनच्या समीकरणात एक पद वाढवून बसते, तर लाग्रांजच्या समीकरणात त्यासाठी रॅले यांचे ऊर्जाक्षय फलन वेगळे जोडावे लागते. रचना एका रेषेतली असेल तर तेवढ्यासाठी ती वाट धरू नये. बंधने (दोरीची लांबी ठरलेली असण्यासारख्या अटी) आणि अवमंदन दोन्ही असतील, तर मात्र ते जादा फलन ताणांच्या अज्ञातांपेक्षा निश्चितच स्वस्त पडते.