जुनी जर्मन सेडान की जुनी कॅम्री हायब्रिड?

पंचवीस लाखांच्या आसपासचं बजेट घेऊन सेकंड हँड बाजारात उतरलं की हा पेच हमखास पडतो. एकीकडे सहा-सात वर्षं वापरलेली जर्मन सेडान, नवी असताना साठ-सत्तर लाखांची. दुसरीकडे 2019 नंतरची टोयोटा कॅम्री हायब्रिड, जी 2019 मध्ये नवीच 37 लाखांच्या आत एक्स-शोरूम मिळत होती. पैसे तेवढेच आणि समोर दुप्पट किमतीची गाडी उभी, त्यामुळे मन कुठे ओढ घेतं हे सांगायला नको.

दोन्ही गाड्या मी पुण्यात रोजच्या वापरात पाहिल्या आहेत. जर्मन गाडी दादाची. तो परदेशी गेल्यावर काही वर्षं ती माझ्याच हातात होती. स्वतःसाठी घ्यायची वेळ आली तेव्हा मी कॅम्री घेतली. तरी जर्मन गाडीबद्दल मला आजही मनापासून प्रेम आहे. एक्सप्रेसवेवर ताशी शंभरला ती जशी रस्ता धरून चालते, तशी कॅम्री चालत नाही. मागे झोपलेल्या आईची लेन बदलताना झोप मोडत नसे. स्टिअरिंगचं वजन, सीटची शिवण, रात्री डॅशबोर्डवरचा मंद उजेड, सगळंच लोभस. त्या मानाने कॅम्रीचा स्क्रीन जुनाट वाटतो, टायरचा आवाज आत येतो आणि बोरघाटात जोर लावला की इंजिन एकाच सुरात ओरडत राहतं. त्यात गिअर नेहमीसारखे बदलत नाहीत, त्यामुळे हा सूर सवयीचा व्हायला वेळ लागतो.

मग कॅम्री का? कारण एकच: एअर सस्पेन्शन.

दादाच्या गाडीला स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी बलून होते. रबर जुनं झालं की घडीच्या जागी बारीक चिरा पडतात आणि हवा हळूहळू निघून जाते. रात्री पार्किंगमध्ये सरळ उभी केलेली गाडी सकाळी पुढच्या डाव्या कोपऱ्यात बसलेली असायची. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये उजवीकडे चार बोटं जायची, डावीकडे एकसुद्धा नाही. इंजिन चालू केलं की बलूनमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरायला लागायचा आणि गाडी पुरेशी वर येईपर्यंत सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर ओलांडायची सोय नाही. एका मेकॅनिकने स्टिअरिंग पूर्ण वळवून बलूनवर साबणाचं पाणी फवारलं आणि घडीतून निघणारे बुडबुडे मला बोटाने दाखवले. बलून बदलला, तर पुढे कॉम्प्रेसर गेला. गळती भरून काढायला तो इतके दिवस जास्त चालत होता, त्यातच तापून संपला. एका बाजूचा बलून बदलला की दुसऱ्या बाजूचाही त्याच वयाचा असतो, हे ओघाने आलंच.

खर्च मोठा होता, पण निर्णय खर्चाने झाला नाही. बंद पडलेली गाडी बंद आहे हे तरी कळतं. ही सुरू व्हायची, पण निघेल की नाही ते सकाळी पाहिल्यावरच समजायचं. ‘उद्या पहाटे पाचला कोल्हापूरला निघू’ असं आई-बाबांना आदल्या रात्री खात्रीने सांगता येईना. घरात वयस्कर माणसं असली की ही अनिश्चितता फार जाचते, निदान मला जाचली.

विम्याचा आधार इथे मिळत नाही. झीरो डेप (भागांचा घसारा न कापणारं विमा कव्हर) घेतलं तरी ते अपघाताच्या नुकसानीसाठी. झिजून गेलेला बलून त्यात बसत नाही. शिवाय गाडीची किंमत निम्म्यावर आली म्हणून सुटे भाग निम्म्या किमतीत येत नाहीत. पंचवीस लाखांच्या गाडीला साठ लाखांच्या गाडीचेच भाग लागतात.

कॅम्रीबद्दल लोक हायब्रिड बॅटरीची भीती घालतात. माझ्या अनुभवात ती भीती वाजवीपेक्षा मोठी आहे. बॅटरी केबिनमधल्या हवेने थंड होते. मागच्या सीटपाशी त्यासाठी जाळी असते, ती धुळीने किंवा सामानाने बुजू द्यायची नाही आणि फिल्टर वेळेवर साफ करून घ्यायचा. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, गिअरबॉक्समध्ये झिजणारा क्लच नाही. बिघडायला मुळात वस्तूच कमी. गाडी महिनाभर उभी ठेवली तर बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरते, एवढं सांभाळावं लागतं. अडचण आहे ती गाडी मिळण्याची. जुन्या कॅम्री बाजारात मोजक्याच येतात आणि मालक किंमत सहज सोडत नाहीत.

याउपर जर्मन गाडीवरच जीव जडला असेल तर मी अडवणार नाही, ती आहेच तशी. फक्त साध्या स्प्रिंगचं व्हेरिअंट शोधा. बऱ्याच मॉडेलांत ते मिळतं. एअर सस्पेन्शनचीच घ्यायची असेल तर संध्याकाळी चक्कर मारून सौदा करू नका. गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगा आणि सकाळी, मालकाने इंजिन चालू करायच्या आधी, चारही कोपऱ्यांत बोटं घालून बघा. दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त दिसली तर कारणही समजून घ्या: तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी घातली गेली, म्हणून त्या इकडे यायला लागल्या. एनओसी (तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरला की तो स्वस्तपणा बराच आटतो. आणि घरात दुसरी, भरवशाची गाडी असेल तरच जुनी जर्मन गाडी घ्या, असं मला तरी वाटतं.