एम१ मॅकबुक एअरवर विंडोजचे सिम्युलेटर: आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या दिवाळीत मॅकवर विंडोजचे गेम चालवणारं क्रॉसओव्हर हे ॲप विकत घेतलं, आता जून लागलाय. म्हणजे आठ महिने झाले, आणि त्यात ठाण्याचा एक अख्खा मे आला. मेचा उल्लेख मुद्दाम करतोय, कारण आज जी सेटिंग ठेवून मी खेळतो त्यातली निम्मी त्या महिन्यात घाम पुसत बदललेली आहेत.

यंत्र २०२०चं, ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचं मॅकबुक एअर, ८ जीबी रॅम. बायकोनं डिझाइनच्या कामासाठी घेतलं होतं. तिला ऑफिसनं दुसरा लॅपटॉप दिला आणि हा माझ्या वाट्याला आला. गेम दोनच. ओम्सी २, म्हणजे १९८६ ते १९९४ या काळातल्या बर्लिनच्या श्पांडाऊ भागातल्या सिटी बस चालवायच्या, आणि असेटो कोर्सा, रेसिंगचा. दोन्ही फक्त विंडोजचे. सकाळ-संध्याकाळ घोडबंदर रोडवर बसमध्ये उभा राहणारा माणूस रात्री जेवण झाल्यावर पुन्हा बसच चालवायला बसतो, हे घरात अजून कुणाला पटलेलं नाही. "अरे, दिवसभर लटकून पोट भरलं नाही का?" यावर माझं एकच उत्तर असतं: इथे बस वेळेवर सुटते.

पूर्वीच्या इंटेल मॅकवर बूट कँपनं सरळ विंडोज टाकता यायचं. एम१ आल्यापासून तो रस्ता बंद. मॅकच्या आत अख्खं विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्सची ट्रायल घेऊन पाहिली. ऑफिसच्या कामाला उत्तम, पण ८ जीबीतली निम्मी रॅम आतल्या विंडोजला दिली की मॅक धापा टाकतो आणि विंडोजही. १६ जीबीवाल्यांचं मत वेगळं असेल. मग क्रॉसओव्हरसारखंच काम करणारं व्हिस्की नावाचं फुकट ॲप सापडलं, पण त्याचं काम २०२५मध्ये थांबलं आणि बनवणाऱ्यानंच लोकांना क्रॉसओव्हरकडे जायला सांगितलं. क्रॉसओव्हर ज्यावर उभं आहे त्याचं नाव वाईन, आणि ते प्रत्येक गेम ज्या कप्प्यात ठेवतं त्याला म्हणतात बॉटल. एका रविवारी मित्राला फोनवर सांगत होतो, "व्हिस्की सोडली, आता वाईनच बरी, दोन बाटल्या वेगवेगळ्या ठेवल्यात." आतल्या खोलीतून आई बाहेर येऊन उभी राहिली. पुढचा अर्धा तास मी स्क्रीन दाखवत होतो.

आता मुद्दा. या सगळ्यात गेम आणि मॅक यांच्यामध्ये तीन दुभाषे बसलेले असतात. इंटेल प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचना एम१ला समजतील अशा करतो तो रोझेटा २. विंडोजकडे केलेली मागणी मॅकच्या भाषेत सांगते ती वाईन. आणि चित्र काढायच्या डायरेक्टएक्सच्या आज्ञा ॲपलच्या मेटलमध्ये उतरवणारा तिसरा. तिघांचाही भार पडतो प्रोसेसरवर, आणि सिम्युलेटरला नेमका प्रोसेसरच हवा असतो. रस्त्यावरच्या इतर गाड्या, सिग्नल, स्टॉपवर उभे प्रवासी, गिअरबॉक्स, ब्रेकमधली हवा, हे सगळं ग्राफिक्स चिप करत नाही. ओम्सीसारखा जुना गेम तर यातलं बरंचसं एकाच कोअरच्या डोक्यावर ठेवतो. त्यामुळे "ग्राफिक्स लो करा" हा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो अर्धवट आहे. मी पहिला महिना तेच केलं. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, इतके उतरवले की बसच्या पाटीवरचा नंबर वाचता येईना, आणि धक्के जसेच्या तसे.

फरक पडला तो इतर गाड्या कमी केल्यावर. ओम्सीत वेळापत्रकाबाहेरच्या गाड्यांची कमाल संख्या देता येते. ती २००वरून ६०वर आणली आणि मोठ्या चौकात १८-१९वर बसणारा एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, ३०च्या पुढे गेला. शेजारचे नकाशाचे तुकडे कमीत कमी लोड होतील असं ठेवलं, आरशातली प्रतिबिंबं काटकसरीच्या पर्यायावर, वस्तू दिसण्याचं अंतर निम्मं. टेक्स्चर मात्र परत वर नेले, कारण त्यांनी काहीच बिघडत नव्हतं. श्पांडाऊचा रस्ता ओस पडला का? थोडा. पण माजिवड्याला तासभर अडकून आलेल्या माणसाला मोकळा रस्ता खटकत नाही.

दुसरी गोष्ट, जी मला सर्वात उशिरा कळली: फ्रेम रेट वाढवायचा नाही, कापायचा. एअरला पंखा नाही. सुरुवातीची दहा-बारा मिनिटं गेम ५०-५५वर मस्त पळायचा आणि मी खूश. मग चिप तापली की स्वतःचा वेग उतरवायची आणि आकडा २६, ४१, २३ असा नाचायला लागायचा. डोळ्याला त्रास कमी एफपीएसचा होत नाही, या नाचण्याचा होतो. ३० एफपीएसला प्रत्येक फ्रेमसाठी ३३ मिलिसेकंद मिळतात, ६०ला जेमतेम १७. गेमच्या आतच कमाल ३० ठेवलं की चिप अर्धा वेळ निवांत असते, तापत नाही, आणि तासाभरानंतरही बस तशीच सरळ चालते. मेमध्ये दुपारी कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवून तीन मोजणं अवघड व्हायचं. मर्यादा लावल्यावर बोट तिथे विसावतं. शिवाय लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटलीची चार झाकणं ठेवतो आणि वेगळा कीबोर्ड वापरतो. नौपाड्यातल्या एका दुकानातून निळे दिवे लागणारं कूलिंग पॅडही आणलं होतं. एअरच्या पोटाला हवा आत जायला भोकंच नाहीत, हे दुकानदारानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. झाकणांनी आणि छताच्या पंख्यानं जेवढं होतं, त्याहून फार जास्त त्यानं काही केलं नाही. आता त्यावर आईचा टॅब असतो.

तिसरं, रिझोल्यूशन. एअरचा पडदा २५६० बाय १६००. बॉटलच्या सेटिंगमधला हाय रिझोल्यूशन मोड बंद केला की गेमला १४४० बाय ९०० दिसतं, म्हणजे पिक्सेल जवळजवळ एक तृतीयांश. असेटो कोर्सामध्ये याचा थेट फायदा झाला. ओम्सीत कमी, कारण तिथे अडचण मुळात ग्राफिक्सची नव्हतीच.

ग्राफिक्सच्या दुभाष्याबद्दल एक गैरसमज मलाही होता. २०२३मध्ये ॲपलनं विंडोजचे गेम मॅकवर आणायला गेम पोर्टिंग टूलकिट आणलं, त्यातलं डी३डीमेटल क्रॉसओव्हरमध्येही आहे, आणि लोक त्याचं इतकं कौतुक करतात की मी ते दोन्ही बाटल्यांत चालू करून बसलो. ओम्सीत काडीचा फरक नाही. डी३डीमेटल डायरेक्टएक्स ११ आणि १२साठी आहे. ओम्सी ३२ बिटचा, डायरेक्टएक्स ९चा. त्याच्या आज्ञा वाईन ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्सच्या भाषेतून नेते, आणि ॲपलनं ओपनजीएल २०१८पासून वाऱ्यावर सोडलंय. म्हणून जुना गेम हलका असेल, हे मॅकवर गृहीत धरू नका. माझा तुलनेनं नवा, चांगला दिसणारा रेसिंग गेम त्या जुन्या बसपेक्षा सुरळीत चालतो.

असेटो कोर्सामध्ये डी३डीमेटल आणि डीएक्सव्हीके हा दुसरा ग्राफिक्सचा दुभाषा, दोन्ही पाहिले. माझ्याकडे डी३डीमेटल सरस. पहिल्या लॅपला मात्र वळणावळणावर झटके बसतात, कारण शेडर, म्हणजे प्रकाश आणि रंग काढणारे छोटे प्रोग्रॅम, तेव्हाच तयार होत असतात. दुसऱ्या लॅपपासून लोणी. त्यामुळे एखादं सेटिंग बदललं की एक लॅप वाया घालवून मगच मत बनवा. मी सुरुवातीला चांगली सेटिंग पहिल्याच वळणावर नापास केली होती. प्रतिस्पर्धी गाड्या ९, आरसे लहान, प्रतिबिंबाचं अपडेट फ्रेममागे एकच बाजू. इथे ४५ची मर्यादा ठेवली आहे आणि ती टिकते.

ईसिंक आणि एमसिंक, म्हणजे गेमच्या एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा मेळ घालायच्या दोन पद्धती, हे पर्याय बॉटलच्या सेटिंगमध्ये दिसतील. मला एमसिंकनं दोन्हीकडे थोडा फायदा झाला. पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. डिसेंबरमध्ये मी एका रात्री पाच गोष्टी फिरवल्या, गेम उघडेना, आणि नेमकं कशानं ते आजही माहीत नाही. बॉटलची नक्कल करून ठेवायची सोय आहे, ती आधी वापरली असती तर दोन रविवार वाचले असते.

रॅमचं थोडक्यात: गेम विकत घेऊन चालवायचं स्टीम हे ॲप, त्याचं विंडोजचंच रूप बॉटलमध्ये टाकावं लागतं, आणि त्याचं आतलं ब्राउझर बरीच जागा खातं. फ्रेंड्सची खिडकी बंद, मॅकवरचा क्रोम बंद. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख पिवळा झाला की झटके आलेच समजा.

जे जमलं नाही तेही सांगतो. मित्राचं स्टिअरिंग व्हील आणून लावलं. वळतं, पण हाताला काही जाणवत नाही, फोर्स फीडबॅक मिळालाच नाही. परत दिलं, आता ब्लूटूथ कंट्रोलर. ओम्सीत रात्र आणि पाऊस एकत्र आले की अजूनही २२-२३वर येतो, त्यामुळे मी पावसात फेरी घेत नाही. जूनमध्ये ठाण्यात राहून तेही चालतं.

ऑक्टोबरात परवान्याचं वर्ष भरेल. त्यानंतर अपडेट थांबतात, हातातली आवृत्ती चालू राहते. पण रोझेटा पूर्ण स्वरूपात मॅकओएस २७पर्यंतच राहणार असं ॲपलनं सांगितलंय, पुढे जुन्या गेमसाठी थोडा भाग ठेवणार म्हणे. त्या थोड्यात माझी श्पांडाऊची बस बसते का ते कळेपर्यंत, मोठ्या अपडेटची सूचना आली की मी 'नंतर' दाबतो.