धबधब्याला खालून जायचं की वरून?

जंगलातल्या एखाद्या आडबाजूच्या धबधब्याचा बेत ठरला की गाडी कुणाची, निघायचं किती वाजता आणि कोण कोण येणार यावर चर्चा रंगते. वाट कुठली घ्यायची हे शेवटी ठरतं, आणि बहुतेक वेळा ‘जी जवळची ती’ एवढ्यावर ते आटोपतं. माझ्या मते क्रम उलटा हवा. वाट ठरली की निघायची वेळ, सोबत कोण आणि परतायची वेळ या गोष्टी आपोआप ठरत जातात.

अशा धबधब्याला साधारण दोन बाजूंनी जाता येतं. एक वाट पायथ्याकडून ओढ्याच्या काठाकाठाने कुंडापर्यंत चढते. दुसरी माथ्यावरून निघते आणि डोंगराच्या एखाद्या सोंडेवरून, म्हणजे खाली उतरत जाणाऱ्या लांबट कण्यावरून, कुंडाशी उतरते.

चढ दिवसाच्या कुठल्या टोकाला येतो?

माझ्या लेखी सगळ्यात मोठा फरक हाच. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला एक साधा ठोकताळा आजही कामाला येतो: ५ किलोमीटर चालायला एक तास, आणि ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि बऱ्या वाटेचा आहे. जंगलात, ओल्या दगडांवरून, गप्पा मारत चालणाऱ्या गटासाठी मी त्याची दीडपट धरतो.

समजा एका बाजूचं अंतर ६ किलोमीटर आहे आणि उंचीतला फरक ६०० मीटर. खालून गेलात तर जाताना साधारण ३ तास १८ मिनिटं आणि येताना १ तास ४८ मिनिटं. वरून गेलात तर हेच आकडे उलटे होतात. एकूण चाल दोन्हीकडे पाच तासांच्या आसपासच. पण वरून उतरणारा माणूस पावणेदोन-दोन तासांत कुंडाशी पोचतो, घड्याळ बघतो आणि म्हणतो, ‘अरे, भरपूर वेळ आहे!’ मग पाण्यात खेळणं, फोटो, थोडी झोप. जेवढा वेळ यायला लागला तेवढाच जायला लागेल, हे त्याने मनात पक्कं केलेलं असतं. प्रत्यक्षात सगळा चढ अजून बाकी असतो, पाय थकलेले असतात आणि कपडे ओले.

संध्याकाळी पाचपर्यंत गाडीशी यायचं असेल, तर खालून आलेल्यांनी तीनच्या सुमारास धबधबा सोडला तरी चालतं. वरून आलेल्यांना मात्र दीडलाच उठायला हवं. शिवाय घळीत आणि दाट झाडीत अंधार उघड्यावरच्यापेक्षा बराच आधी पडतो. सूर्यास्ताची वेळ बघून केलेलं नियोजन तिथे फसतं.

वरच्या वाटेच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. गुडघे दुखणाऱ्यांना लांब उतार जड जातो, आणि पाय थकल्यावर तर फारच. वरून गेलं तर हा उतार सकाळी ताज्या पायांनी होऊन जातो.

पाणी

इथे पारडं उलटं फिरतं. खालची वाट ओढा दोन-तीनदा तरी ओलांडते, आणि पाणी वाढलं की हीच जागा सापळा बनते. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पण धबधब्याच्या वरच्या पाणलोटात काही किलोमीटरवर जोरदार सर पडलेली असते. तिचं पाणी तुमच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, इतकंच. बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्यांत पाऊस नसतानाही पाणी दुपारनंतर चढतं, म्हणजे नेमकं परतीच्या वेळी.

यावर एक उपाय सोपा आहे. कुंडाशी पोचल्याबरोबर काठावरचा असा दगड हेरायचा, ज्याला पाणी जेमतेम टेकलंय. दर पंधरा मिनिटांनी त्याच्याकडे बघायचं. दगड बुडायला लागला, नितळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा धबधब्याचा आवाज जड झाला, की सामान आवरत बसू नका. आधी उंचावर जा. परतीच्या वाटेवर ओढा फुगलेला दिसला तर अलीकडेच थांबा. जोरात वाहणारं पाणी जेमतेम १५ सेंटिमीटर खोल असलं तरी मोठ्या माणसाचा पाय उचलू शकतं. लहान ओढे पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतात, त्यामुळे वाट बघण्यात फार तर संध्याकाळ जाते.

वरच्या वाटेला ओढा ओलांडण्याची कटकट फारशी नसते. तिचा धोका वेगळा. धबधब्याच्या तोंडाशी पाणी घोट्याएवढं आणि निरुपद्रवी दिसतं, पण खालचा कातळ शेवाळाने साबणासारखा झालेला असतो. तिथे टोकाशी उभं राहून खाली डोकावण्याचा मोह टाळाच. तसंही तिथून धबधबा दिसत नाही. दुसरी चूक आवाजामुळे होते. धबधबा अगदी पायाखाली गर्जतोय असं वाटतं आणि माणूस सोंडेची वाट सोडून सरळ उतरायला लागतो. चार टप्पे घसरत उतरल्यावर पुढे कडा लागतो, आणि मागचे टप्पे परत चढण्यासारखे नसतात. जिथून वर चढता येईल अशी खात्री नाही तिथून उतरायचं नाही, हा नियम गटातल्या सगळ्यात उत्साही माणसाला आधीच सांगून ठेवा.

कुंडाशी पोचल्यावर दोन्ही वाटांचे लोक सारखेच. धारेखाली उभं राहू नका, वरून दगड येतात. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने तरंगायला नेहमीपेक्षा कमी आधार मिळतो, आणि पोहता येणारेही तिथे गटांगळ्या खातात. पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. वरून आलेल्यांनी तर भिजण्याआधी कोरडे कपडे कुठल्या पिशवीत आहेत ते बघून ठेवावं, कारण पुढे लांब चढ आणि माथ्यावरचा वारा आहे.

वाट चुकण्याचं गणित

नकाशावर बघितलंत तर एक गंमत कळेल. ओढ्याच्या कडेने वर जाताना तो फुटत जातो आणि प्रत्येक संगमावर डावा की उजवा असा प्रश्न पडतो. खाली येताना सगळे फाटे एकत्र येतात. सोंडेचं उलटं: उतरताना ती फाकत जाते, चढताना एकवटते. म्हणजे दोन्ही वाटांवर चुकायची शक्यता जातानाच जास्त. फरक दंडात आहे. ओढ्यावर चुकलात तर मागे फिरून संगमापर्यंत उतरायचं; भलत्याच सोंडेवरून उतरलात तर गमावलेली सगळी उंची पुन्हा चढायची. म्हणून वरून जाताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून परतीची वाट कशी दिसते त्याचा एक फोटो काढावा. ऑफलाइन नकाशा दोन जणांच्या फोनमध्ये असावा. दाट झाडीत आणि घळीत जीपीएसचा ठिपका इकडेतिकडे भरकटतो, त्यामुळे त्याच्यावर आंधळा विश्वास नको.

बाकी तयारी दोन्हीकडे तीच: वनखात्याची परवानगी लागते का ते बघणं, परतायची वेळ घरी सांगून ठेवणं, हेडटॉर्च आणि शिट्टी. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, ही डोंगरातली आंतरराष्ट्रीय खूण आहे. ती ऐकणारा मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर देतो.

मग कुठली निवडायची?

पाऊस ओसरून काही दिवस झालेत, पाणी नितळ आहे आणि गटात नवखे आहेत: खालून जा. दमलेला माणूस मध्येच मागे फिरला तरी त्याला फक्त उतरायचं असतं. वरून जाताना ही सोय नाही. दमल्याचं कळतं तेव्हा तो खाली पोचलेला असतो. पाऊस अधूनमधून चालू आहे आणि खालची वाट ओढा अनेकदा ओलांडते, तर वरची वाट बरी. पण गट चांगल्या दमाचा हवा आणि निघणं पहाटेचं. दोन्हींपैकी काहीच जमत नसेल तर समोरच्या डोंगरावरून धबधबा बघून परत यायला कमीपणा नाही. खरं तर पूर्ण धार तिथूनच दिसते.

दोन गाड्यांची सोय असेल तर वरून उतरून खालून बाहेर पडण्याची कल्पना आकर्षक वाटते. चढ जवळजवळ वाचतो. पण खालचा ओढा फुगला तर आल्या वाटेने वर जाण्याशिवाय मार्ग उरत नाही. तेव्हा तो सव्वातीन तासांचा चढ हिशेबात धरूनच उतरा, आणि वरची गाडी सगळे खाली सुखरूप पोचल्याचा निरोप मिळेपर्यंत तिथून हलवू नका. खाली नेटवर्क नसेल तर तिने किती वाजेपर्यंत थांबायचं, ते निघण्याआधीच ठरवा.