लॉयगावेगुरचे निवारे : आधी बिछाना, मग बस, शेवटी विमान

आइसलँडच्या दक्षिणेकडील ज्वालामुखी पठारावर लांडमन्नालॉयगारपासून थोर्समोर्कपर्यंत सुमारे ५५ किलोमीटरची लॉयगावेगुर ही पायवाट आहे. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघांनी ती चार दिवसांत पूर्ण केली आणि तिन्ही रात्री वाटेवरच्या निवाऱ्यांत काढल्या. हे निवारे १९२७ साली स्थापन झालेली फेर्दाफेलाग ईस्लान्द्स ही संस्था चालवते. साधारण जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच ही वाट चालता येते आणि तेवढ्या अवधीत जगभरातील चालणारे त्याच मोजक्या बिछान्यांवर डोळा ठेवून असतात. त्यामुळे नियोजनाची सुरुवात बिछान्यापासूनच करावी लागते. पुढच्या उन्हाळ्याचे आरक्षण आदल्या वर्षीच भरू लागते, हे ठाऊक असूनही आम्ही स्वस्त मिळाली म्हणून विमानाची तिकिटे आधी काढली आणि मग तारखांच्या मागे धावत बसलो.

आम्हाला हवा होता तो दुसऱ्या रात्रीचा आउल्फ्तावात्न तळ्याकाठचा निवारा भरलेला होता. ज्या मध्यस्थ कंपनीमार्फत आम्ही आरक्षण केले, तिने ‘त्याच परिसरात’ म्हणून क्वानगिलचे बिछाने दिले. क्वानगिल तळ्याच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर असून मध्ये एक ओढा चालत ओलांडावा लागतो, हे मात्र तिने सांगितले नाही. बारा किलोमीटर चालून, निसरड्या मातीचा लांबलचक उतार उतरून गुडघे बोलू लागलेले असताना तळ्यापाशी इतर लोक बूट काढून चहा पीत बसलेले दिसले, आणि आम्ही मात्र पुन्हा सॅक पाठीवर चढवली. तरीही या चुकीचा एक फायदा झाला. क्वानगिलपुढची ब्लाउफ्यात्लाक्विस्ल ही नदी आम्हाला सकाळी लवकर लागली. हिमनद्यांच्या वितळण्यावर वाढणारे पाणी दुपारनंतर चढते, सकाळी ते कमी असते. पाणी गुडघ्याच्या थोडे वर होते आणि इतके गार, की पलीकडे पोहोचल्यावर सँडलचे बंद सोडायला बोटे वळेनात. नदीत उतरताना सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे तोल गेलाच तर सॅक झटकता येते.

आता प्रत्यक्ष सोयीबद्दल. एका रात्रीला माणशी दहा हजार क्रोनांहून अधिक मोजून जे मिळते, ते पहिल्या नजरेला फारसे वाटत नाही : फळ्यांच्या दुमजली बाकांवर गाद्या, त्यांतील बऱ्याचशा दोघांत एक, म्हणजे शेजारी अनोळखी माणूस घोरत असण्याची तयारी हवी. पांघरूण नसते, स्लीपिंग बॅग आपलीच न्यावी लागते. जेवण मिळत नाही. ह्राफ्नतिन्नुस्केर हा सर्वांत उंचावरचा, हजार मीटरहून थोडा वर असलेला निवारा. तेथे आंघोळीची सोय नाही आणि शौचालय बाहेर आहे. कचरा आपल्याबरोबर खाली न्यावा लागतो. परंतु स्वयंपाकघरात गॅस, पातेली, ताटल्या, चमचे सर्व काही असते, आणि तंबू, स्टोव्ह व भांडी न वाहिल्यामुळे पाठीवरचे ओझे किती घटते, हे पहिल्याच चढावर उमगते. भाजलेली मूगडाळ, तांदूळ आणि मसाला एकत्र करून आम्ही घरूनच तयार केलेली खिचडी तिन्ही रात्री वीस मिनिटांत झाली. संध्याकाळी सातच्या सुमारास चुलींसाठी रांग लागते, तेव्हा सहालाच पातेले चढवलेले बरे.

माझ्या मते पैशांचा खरा मोबदला निवाऱ्याच्या रखवालदाराकडून मिळतो. पुढच्या टप्प्यावरचे वारे, धुके आणि नद्यांचे पाणी तो रोज सांगतो. त्याचे ऐकणे किती आवश्यक आहे, हे ह्राफ्नतिन्नुस्केरच्या थोडे अलीकडे असलेले स्मारक पाहिल्यावर समजते : २००४ च्या जून महिन्यात एक तरुण हिमवादळात सापडून निवाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर मरण पावला. आम्ही गेलो तेव्हाही तेथे बर्फाचे पट्टे होते आणि वाटेच्या खुणेचे खांब धुक्यात एकामागून एक पुसले जात होते.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला लाव्हा नवा नाही. मात्र आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, तर लांडमन्नालॉयगारचे लॉयगाह्रॉइन हे लाव्हाक्षेत्र १४७७ च्या सुमाराचे. तेथे पडलेला काळ्या ज्वालाकाचेचा (ऑब्सिडियनचा) तुकडा उचलला, तर त्याची कड बाटलीच्या फुटक्या काचेसारखी बोटाला लागते. आपल्या घसाऱ्यावर जसे बिनधास्त हात टेकतो, तसे तेथे करू नये.

चौथ्या दिवशी एम्स्त्रुर या तिसऱ्या रात्रीच्या निवाऱ्याहून थोर्समोर्कला जाताना थ्राउन्ग्गाउ ही आणखी एक नदी पायी ओलांडावी लागते, आणि आम्ही रेक्याविकची बस त्याच संध्याकाळची घेतल्यामुळे बर्चच्या झाडीतून जवळजवळ धावतच सुटलो. पुढच्या वेळी थोर्समोर्कला चौथी रात्र आधीच आरक्षित करीन. म्हणजे २०१० च्या उद्रेकात तयार झालेली माग्नी आणि मोदी ही विवरे पाहत फिम्वोर्दुहाउल्स खिंडीतून स्कोगारला उतरणारा सुमारे २५ किलोमीटरचा टप्पाही पाचव्या दिवशी जोडता येईल.