माउंट बेकरची बँक्ड स्लालम: एका हौशी स्पर्धकाचा अभिप्राय

वॉशिंग्टन राज्यातील माउंट बेकर स्की एरियामध्ये १९८५ पासून भरत आलेल्या ‘लेजेंडरी बँक्ड स्लालम’ या स्नोबोर्ड शर्यतीत, म्हणजे एकाच फळीवर उभे राहून नागमोडी वळणे घेत बर्फाचा उतार उतरण्याच्या शर्यतीत, यंदा मला हौशी गटातून उतरता आले. सिअ‍ॅटल परिसरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी जे हिवाळ्यात बोर्ड घेऊन डोंगरावर जातात, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

पहिली अडचण प्रवेशाची. अर्ज फार येत असल्यामुळे बहुतेकांची निवड सोडतीने होते, त्यामुळे कौशल्यापेक्षा नशिबाची परीक्षा आधी होते. निवड झाल्यावर सिअ‍ॅटलपासून सुमारे तीन तासांचा प्रवास आहे आणि ५४२ क्रमांकाच्या रस्त्याचा शेवटचा घाट बर्फात चढावा लागत असल्याने चाकांच्या साखळ्या सोबत असाव्यात. डोंगरावर मुक्कामाची हॉटेले नाहीत. स्पर्धक खालच्या ग्लेशियर गावात उतरतात किंवा वाहनतळावर आपल्या गाडीतच झोपतात.

शर्यतीचे खरे वैभव तिच्या वाटेत आहे. एका नैसर्गिक घळीत, दोन्ही अंगांना शेताच्या बांधासारखे बर्फाचे उंच बांध घालून त्यांवर फाटके (वळणाच्या खुणेचे खांब) रोवलेली असतात आणि प्रत्येक वळण त्या बांधावर चढून, बोर्डाची कड रुतवून घ्यावे लागते. एक फाटक चुकले की ती फेरी बाद. स्पर्धक एकेक करून सुटतात आणि घड्याळ शंभरांश सेकंदापर्यंत मोजते. कागदावर हे सोपे वाटते. परंतु आधीच्या स्पर्धकांनी वळणावळणाला पाडलेल्या चरांमध्ये बोर्ड असे खेचले जाते की, आपण वळतो आहोत की घळ आपल्याला वळवते आहे, हेच कळेनासे होते. उशिराचा क्रमांक मिळालेल्यांनी हे चर गृहीत धरूनच सराव करावा. मी ते केले नाही आणि पहिल्या फेरीत चौथ्या बांधावरून थेट पलीकडे गेलो.

दुसऱ्या फेरीत मी शेवटपर्यंत पोचलो, पण बोर्ड सपाट भागात अक्षरशः चिकटत होते. समुद्राकडून येणाऱ्या ओलाव्यामुळे कॅस्केड पर्वतरांगेतील बर्फ जड आणि ओलसर असतो, बोर्ड घसरावे म्हणून त्याच्या तळाला अशा बर्फाला साजेसे मेण लावावे लागते. ज्या दुकानात मी पैसे देऊन मेण लावून घेतले होते, तिथे कोरड्या थंडीचे मेण लावल्याचे मागाहून समजले. आयोजकांचा यात काहीही दोष नाही.

या डोंगराच्या बर्फाविषयी एवढे सांगितले पाहिजे की १९९८-९९ च्या हंगामात येथे १,१४० इंच, म्हणजे ९५ फूट बर्फ पडला आणि तो जागतिक विक्रम ठरला. याच डोंगरावर २०१५ मध्ये पुरेशा बर्फाअभावी शर्यत रद्द करावी लागली होती. त्यामुळे परत न मिळणारे आरक्षण करताना विचार करावा.

बक्षीस म्हणून विजेत्याला सोनेरी रंगाच्या चिकटपट्टीचे रीळ मिळते. सुरुवातीच्या काळात तुटके बोर्ड आणि बूट चिकटपट्टीने बांधूनच लोक उतरत, त्याची ती आठवण आहे. याच रिळासाठी क्रेग केली आणि नॉर्वेचा टेर्ये हाकोनसेन यांच्यासारखे दिग्गज येथे उतरले व जिंकले. व्यावसायिक खेळाडू, साठी ओलांडलेले गृहस्थ आणि शाळकरी मुले एकाच घळीत उतरतात, ही गोष्ट मला इतर कोणत्याही शर्यतीत आढळली नाही. शर्यतीच्या ठिकाणी खायला मिळालेला, आगीवर भाजलेला सामन मासाही उत्तम होता. आपल्याकडे इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणवणारा रावस आणि हा मासा यांचा मात्र काही संबंध नाही.

नुकतेच बोर्डवर उभे राहू लागलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. तीव्र उतारावर दोन्ही कडांनी निर्धास्तपणे वळता येत असेल, तर अर्ज जरूर करावा. मी पुढच्या सोडतीसाठी करणार आहे आणि बोर्डाला मेण या वेळी घरीच लावणार आहे.