सोपान शाळेच्या पथकात चढावेत की खुल्या पथकात?

प्रवेश, मग तीन सोपान म्हणजे परीक्षेचे टप्पे, पुढे राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. भारत स्काउट्स आणि गाइड्सची ही चढण शाळेच्या पथकात आणि शाळेबाहेरच्या खुल्या पथकात कागदावर एकच. आमची थोरली शाळेतून गाइड झाली, धाकटा नाशिकच्या गंगापूर रोडकडच्या खुल्या पथकात आहे, म्हणून दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो.

सोयीत शाळा पुढे, यात वाद नाही. तास वेळापत्रकातच, अर्ज-बिर्ज सगळं बाई बघतात. खुल्या पथकासाठी रविवारी सकाळी सिडकोतून गाडी काढावी लागते.

माझं मन फिरलं ते लॉगबुकमुळे. द्वितीय सोपानाच्या चाचणीच्या आदल्या रात्री थोरलीचं वर्षभराचं लॉगबुक आमच्या जेवणाच्या टेबलावर तयार झालं. मजकूर वरच्या वर्गातल्या ताईच्या वहीतला, गाठींची चित्रं आईच्या हातची (बोलाइन फार सुबक आली होती). दुसऱ्या दिवशी अख्खी तुकडी पास. सगळ्यांच्या वहीत एकच तारीख. पोरीला बोलाइन आजही बांधता येत नाही. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर सेवेला उभं राहायचं म्हणते, तेव्हा मला प्रथमोपचाराच्या पानांची धास्ती वाटते.

धाकट्याकडे जमलंय का ते आधी टोळीनायक (मुलांच्या छोट्या गटाचा मुलगाच प्रमुख) बघतो, मग स्काउटमास्तर. फार तर दोन काड्यांत लाकडं पेटवायची होती; पावसाळ्यात अंजनेरीच्या पायथ्याशी ती नुसती धुमसली. सही मिळाली नाही. जाम चिडला. पुढच्या वेळी घरूनच कोरड्या काटक्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेल्या. टोळीनायक त्याच्याहून थोडाच मोठा, पण स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने १९०७ साली ब्राउनसी बेटावर मुलांच्या टोळ्या करून त्यांच्यातलेच नायक नेमले, ते यासाठीच असावं.

अर्थात, शाळेतले मित्र तृतीयला पोचले तरी हा द्वितीयातच. त्यात दहावीचं वर्ष कुणाला चुकलंय? वयाच्या आत राष्ट्रपती पुरस्कार गाठायचाच असेल, तर शाळेचा वेग कामाला येईल. शिवाय मन लावून शिकवणारे सर शाळेतही असतात. तसे लाभले तर रविवारची धावपळ कशाला?

नाव घालण्याआधी मोठ्या मुलांच्या दोन-तीन वह्या मागून बघा. एखाद्या पानावर ‘पुन्हा करून दाखव’ असा शेरा दिसला, तर तिथे बिनधास्त घाला. मला तो खुल्या पथकात दिसला.