ढोल्या गणपती: पलीकडच्या काठावरून की घाटावर बसून?

वाईचा ढोल्या गणपती जलरंगात करायला घेतला आणि दोन कागद वाया घालवले. पहिला कृष्णेच्या पलीकडच्या काठावरून. तिथून सगळंच मिळतं: शिखर, घाट, पाण्यातलं प्रतिबिंब. पण सगळं मिळतं, हीच अडचण. मंदिर समोरून सपाट दिसतं, पायऱ्यांच्या आडव्या रेघा वहीसारख्या होतात आणि पाण्याची कड बरोबर मध्यावर येऊन चित्राचे दोन तुकडे पडतात. ती कड खाली, तळापासून एक तृतीयांशावर घेतली आणि शिखर मध्यापासून सरकवलं, तेव्हा कुठे जरा जमलं.

दुसरा घाटावर, अगदी खालच्या पायरीवर बसून. इथे शिखर सोडून द्यावं लागतं, जिवावर येतं ते. पण डोळ्यांच्या पातळीच्या वर गेलेल्या पायऱ्यांचा माथा दिसत नाही, नुसती उभी बाजू दिसते. ही एक गोष्ट कळली की अर्धं पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे कागदावर खोली दाखवायचं गणित, आपोआप सुटतं. सावल्याही मोठ्या, एका ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका सलग थरात, बसणाऱ्या. उन्हातल्या कडांना कोरा कागद.

१७६२ सालच्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी फाकावं म्हणून. समोरून ती कळतच नाही.

प्रतिबिंबाचा मोह असेल तर पलीकडे जा. मी तरी घाटावरच बसेन, फक्त पाण्याचा डबा पायरीच्या कडेला ठेवणार नाही.